नावेस पाणी न लागू देण्याची मोहीम

श्री. पाचवीच्या वर्गातील चिरंजीव मंडळींनी आज्ञा केली की, धरणाच्या पाण्यावर डागाळ शिडाची लाकडी नाव फिरते, तिची हकिकत साकल्य लिहून द्यावी. त्यावरून जे घडले ते, पदरचा मसाला न घालता, मुलांस उमजेल ऐसे लिहिले असे. कठीण शब्द आल्यास हात वर करावा, मधे ओरडू नये.

पारोळे परगण्यात धरण बांधिले, ते समयी राजश्री नवल नाना पाणी मोजण्याचे चाकरीत होते. धरणाचे इंजिनेरसाहेब हौशी. त्यांणी सागवानी फळ्यांची, तांब्याच्या खिळ्यांची, एका शिडाची लहान नाव करविली आणि बदली होता नानांस बक्षीस दिली. नानांचे कुटुंब सुंदरबाई, त्यांचे माहेर त्याच धरणाच्या पोटात गेले. आखाजीस, म्हणजे अक्षय तृतीयेस, खानदेशच्या लेकी माहेरी जातात; सुंदरबाईंस रस्ता उरला नाही, पाणी उरले. मग नाना दर आखाजीस त्यांस नावेत बसवीत आणि बुडाल्या गावावर नेऊन घटकाभर थांबत. पुढे नानांचे गुडघे गेले आणि नाव गोठ्यात पालथी पडली आणि तिच्याखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या आणि शिडावर बाईंनी बिबडे वाळविले. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. ठाऊक नसेल त्याने घरी पुसावे.

यंदा बाईंनी फर्माविले, "येती आखाजीले माले माहेर जानं शे. पुढनी आखाजी कोणी दखी?" नानांनी गुडघ्यांस तेल लाविले आणि नाव उलथली, तो फळ्याफळ्यांत बोट जाईल ऐशा फटी. ही खबर फुटली आणि दोन फौजा चालून आल्या.

पहिली फौज गावचे भावी सरपंच कुंदनभाऊ यांची. त्यांचा हुकूम की, नाव नवी करावी, वर फायबर चढवावे, शिडाचे जागी आपली हात जोडलेली छबी असलेला फ्लेक्स लावावा. आणि इतक्याउपर न तरल्यास चौकात ठेवून, माती भरून, झेंडू लावावा. दुसरी फौज धुळ्याहून मोटारीने आली. तिचे सरदार दीपकराव, अस्सल वारसा जतन मंडळाचे अध्यक्ष. त्यांचा हुकूम की, मूळचे तेच राखावे. फटी मूळच्या, सबब बुजवू नयेत. कोंबड्यांची शीटही काळाची खूण, सबब खरवडू नये.

दीपकरावांनी नानांस पुसिले की, नाव बठ्ठी, म्हणजे सगळी, मूळची काय? नाना म्हणाले, "बठ्ठी मूळनी शे, भाऊ. माणसंच नवी ई ऱ्हायनात."

मग शिडावरील गोल डाग भिंग लावून पाहिले आणि हे कोणत्या काळचे म्हणून बाईंस विचारिले. बाई वदल्या, "मांगला उन्हायाना शेतस. खारा बी शेतस, चाटी दखा." दीपकरावांनी चाटिले नाही, परंतु डाग धुवू नयेत ऐसे फर्मान काढिले.

मग रणकंदन जाहले. कुंदनभाऊंचे लोक येऊन नावेस निळा रंग देत आणि वर 'सौजन्य' लिहीत. दीपकरावांचे लोक येऊन तो रंग द्रव लावून उतरवीत. आणि रंग व रंग उतरविण्याचा द्रव, दोन्ही रसद पारोळ्याचे सुगनचंद शेठ यांच्याच दुकानची. शेठ उभय पक्षी हात जोडून म्हणत, "नाव वाचली पाहिजे." या युद्धात एकटे तेच रोज जिंकत होते.

अखेर तह ठरला, त्यात एका कलमावर उभयतांचे एकमत जाहले की, नाव जुनी, लाकूड वाळलेले, सबब तिजला पाण्याचा थेंब लागू देऊ नये. ऐका मुलांनो. खानदेशात घरोघरी काठवट असते, तीत भाकरीचे पीठ मळतात. उन्हाळ्यात काठवट तडकली की पाण्यात बुडवून ठेवितात. लाकूड फुगते आणि तडा मिटतो. हे कुंदनभाऊंच्या घरी ठाऊक, दीपकरावांच्या घरी ठाऊक, नानांच्या तर चुलीपाशीच काठवट भिजत होती. परंतु नाव म्हणजे थोरली काठवट, हे एकासही सुचले नाही. नानांनीही मान डोलविली.

मग नाव काठावर आणून, कोरड्या जागी, छायाचित्राचा समारंभ योजिला. उभय सरदार नावेत चढले आणि फ्लेक्स डोलकाठीस बांधिला. तोच तापीकडून वारा सुटला, छबीत भरला, आणि नाव सरदारांसह उतारावरून पाण्यात शिरली. फटींतून पाणी आले आणि नाव कलंडून बसली. सरदार कमरेपर्यंत पाण्यात उभे राहून परस्परांस दोष देऊ लागले आणि कुंदनभाऊंची छबी, हात जोडलेल्या स्थितीत, मते मागत मागत बुडाली. उभय फौजा ओल्या होऊन माघारी गेल्या. नाव पाण्यातच बुडून राहिली; बाई रोज काठावर येऊन ती जागा पाहून जात.

आखाजीच्या आदले दिवशी कुंदनभाऊंचे लोक झेंडूची रोपे आणि ट्रॅक्टर घेऊन आले. दोर लावून नाव काठाशी ओढिली, बादल्यांनी पाणी उपसले, तो ती वर आली आणि तरंगत राहिली. नानांनी फटींवरून बोट फिरविले. फटी मिटल्या होत्या. नाना इतकेच म्हणाले, "काठवट." आणि कपाळावर हात मारून घेतला.

दुसरे दिवशी डागाळ शीड चढले. नाना सुकाणूस, बाई पुढे, मांडीवर बिबड्यांची टोपली. वारा मंद होता. मधोमध बाईंनी हात केला.

"आठेच. आठे आम्हना पिंपय व्हता."

"उतरनं शे का?" नानांनी थट्टा केली.

"बठ्ठं गाव खाले झोपेल शे," बाई म्हणाल्या, "हयू बोला." आणि एक बिबडा पाण्यावर ठेविला.

कुंदनभाऊंनी चौकात नवा फ्लेक्स लाविला की, नाव आम्ही तारिली. दीपकरावांनी अहवाल छापिला की, नाव आम्ही जैसी होती तैसी राखिली. झेंडूची रोपे सुगनचंद शेठ यांनी दुकानापुढे लाविली. दोन्ही फौजांच्या फत्त्या येथे नोंदविण्याची गरज नाही, त्यांणी त्या स्वतः नोंदविल्या आहेत. येथे नोंद एकच. आखाजीचे दिवशी, पाण्याचे वाटेने, सुंदरबाई माहेरी दाखल जाहल्या.