सतरा शिक्के

सोमवारी दुपारी बीयुनने दवाखान्यातून आणलेला कागद आईपुढे ठेवला आणि म्हणाली, "इथे शिक्का मार." आईने कागद दोन्ही बाजूंनी पाहिला, कपाटातून स्वतःचा शिक्का काढला, आणि कागदावर मारायच्या ऐवजी पोलक्याच्या आत खोचून टाकला.

"आता घे," ती म्हणाली, आणि माशाच्या पेजेत घालायला आलं चिरू लागली.

तैवानच्या ताइनान शहरात देवीच्या देवळामागे जी गल्ली आहे, तिथे त्या काळी बीयुनचं शिक्के कोरायचं दुकान होतं. आता यंत्रं पाच मिनिटांत शिक्का ओकतात. तेव्हा लग्न, जमीन, पोस्टातलं पार्सल, पोराचं प्रगतिपुस्तक, सगळं हाताने कोरलेल्या शिक्क्यावर चालायचं, आणि गल्लीतल्या एकूण एक माणसाचा शिक्का ग्वोंच्या, म्हणजे बीयुनच्या घरच्या, दुकानातला असायचा. आधी बीयुनचे वडील कोरत. ते गेल्यावर आठ वर्षं बीयुन कोरत होती. वय तेहतीस, लग्न केलेलं नव्हतं, घरात आई सोडून दुसरं कुणी नव्हतं. म्हशीच्या शिंगाच्या बोटभर तुकड्यावर उलटी अक्षरं कोरायची म्हणजे डोळा धड हवा, आणि बीयुनचा उजवा डोळा संपावर गेला होता.

केराटोकोनस असं त्या दुखण्याचं नाव. बुबुळावरचा पारदर्शक पडदा घड्याळाच्या काचेसारखा गोलसर असायला हवा. तिचा पातळ होत होत तंबूसारखा टोकदार झाला होता. एका दिव्याचे चार दिवे दिसत, आणि एका अक्षराची पाच अक्षरं, तीही शेपटीवाली. डावा डोळा कसाबसा काम ओढत होता. उजव्यात कडक लेन्स घालावी, तर ती तंबूच्या टोकावर डुगडुगायची आणि शिंक आली की पेजेच्या वाटीत पडायची. त्यात आता टोकावर व्रण धरू लागला होता. डॉक्टर श्याओंनी स्वच्छ सांगितलं होतं, "अजून एकदा मोठी लेन्स बनवून बघू शकतो, पण माझा तिच्यावर भरवसा नाही. नाहीतर पडदाच बदलू. शुक्रवारी सकाळी एक येतोय, परदेशातल्या कुणी मरताना दिलेला. तो वाट बघत बसत नाही. घरच्या माणसाचा शिक्का तेवढा आणा."

घरचं माणूस आलं चिरत होतं.

"कलम आंब्याला करतात," आई म्हणाली. तिचं माहेर आंब्याच्या बागांतलं. "माणसाला नाही. आणि आंब्यालाही दहांतली तीन कलमं जळतात."

"आई, लेन्स टिकत नाही गं."

"मोठी बनवून देतो म्हणालाय ना तो?"

"डोळ्यात वाळू घालून दिवसभर कोरत बसायचं, म्हणजे काय ते तुला..."

"आणि तो मुलूख कुठला, माणूस कुठला! त्याच्या डोळ्याला आपली अक्षरं वाचता येणारेत का?"

"डोळा वाचत नाही, मी वाचते! ती नुसती काच आहे."

"लेन्सही काचच आहे. मग तीच घाल."

आईचा शिक्का बीयुननेच कोरला होता. तसाच दुसरा कोरायला तिला डोळ्यांचीही गरज पडली नसती, बोटांनाच तो पाठ होता. पण एक शिक्का दोनदा कोरायचा नाही, ही वडिलांची शपथ होती, आणि पोरगी ती मोडणार नाही हे आई ओळखून होती. म्हणून तर एवढी निवांत होती. शेवटी पेज निवल्यावर तीच म्हणाली, "देवीला विचारू. तीनदा हो म्हणाली तर मारते शिक्का. लागोपाठ तीनदा हं."

मंगळवारी दोघी देवळात गेल्या. आमच्याकडे कौल लावतात तो लाकडाच्या दोन लाल चंद्रकोरी टाकून. एक उताणी आणि एक पालथी पडली तर देवी हो म्हणते. दोन्ही पालथ्या म्हणजे नाही. दोन्ही उताण्या म्हणजे देवीला हसू आलं, पुन्हा विचारा. बीयुन मुद्दाम लेन्स घालून गेली, कारण तिला निकाल स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. मावशीच्या लग्नाच्या वेळी आईने एक चंद्रकोर पायाच्या अंगठ्याने हळूच उलटवली होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिला कौल, हो. आईने तोंड वाकडं केलं. दुसरा कौल, हो. आई म्हणाली, "नीट हलवून टाक, नुसत्या सोडतेयस." बीयुनने तिसऱ्यांदा चंद्रकोरी कपाळाला लावल्या, आणि तेवढ्यात दारातून वारा आला. धुपाच्या मोठ्या कुंडातली राख उडाली आणि तिचा एक कण नेमका लेन्सच्या खाली जाऊन बसला.

कडक लेन्सखाली कण जाणं काय असतं ते ज्याचं त्यालाच माहीत. बीयुनचे दोन्ही हात वर गेले, चंद्रकोरी कुठल्या कुठे उडाल्या. मान मागे पडली, डोळे छताकडे फिरले, एका पायावर ती थयथय नाचू लागली आणि बोटाने डोळ्याचा कोपरा कानापर्यंत ओढत ओरडली, "निघ! निघ म्हणते ना बाहेर! किती छळशील?"

देवळातल्या सगळ्यांच्या माना वळल्या. मग कुणीतरी म्हणालं, "अंगात आलं!"

"अंगात नाही, डोळ्यात गेलंय!" आई ओरडली. कोण ऐकतंय! त्या वर्षी अख्खं तैवान आकड्यांच्या नादाला लागलं होतं. दोन अंकी आकडा लावायचा, सोडतीत तोच निघाला की चैन. त्यापायी लोक झाडांना, दगडांना, मुंग्यांच्या रांगांनासुद्धा आकडा विचारत होते. इथे तर देवी स्वतः चालून आलेली. सगळ्यांत पुढे त्साय काका, गल्लीच्या तोंडाशी सुपारीची टपरी असलेले. महिनाभर हरत होते. ते धपकन गुडघ्यांवर बसले, समोर पडलेली चंद्रकोर उचलून कपाळाला लावली आणि हाताची बोटं वर केली.

"माते, किती?"

बीयुनने एव्हाना लेन्स काढून मुठीत धरली होती. दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "काका, उठा हो. मला काही धड दिसत नाहीये. सात बोटं दिसताहेत तुमची."

"सात!" देवळात कुजबुज झाली. काकांनी वरच्या एकुलत्या कंदिलाकडे बोट केलं. "आणि ते?"

"चार. पण काका, ऐका तरी..."

"चौऱ्याहत्तर!" देऊळ दोन मिनिटांत रिकामं झालं. धावताना दोघांची पायताणं दारातच राहिली.

मागे राहिल्या मायलेकी. "तिसरा कौल काय पडला?" बीयुनने डोळा चोळत विचारलं. एक चंद्रकोर राखेच्या कुंडात उभीच्या उभी रुतली होती. दुसरी त्साय काकांनी उचलली होती, ती कशी पडली होती ते कुणीच पाहिलं नव्हतं.

"म्हणजे देवीने उत्तर दिलं नाही," आई समाधानाने म्हणाली. "चल, नव्या लेन्सचं माप देऊन येऊ."

बुधवारी सोडत झाली. आकडा निघाला पंच्याहत्तर.

गुरुवारी सकाळी दुकानाबाहेर पावलं वाजली तेव्हा बीयुनने शटर अर्ध्यावर ओढलं. आकडा चुकला की लोक घरच्या देवांच्या मूर्तीसुद्धा गटारात फेकत होते, मग शिक्केवालीची काय कथा! पण शटरखालून वाकून त्साय काका आत आले ते हात जोडून. मागे पंधराएक माणसं.

"वहिनी," ते आईला म्हणाले, "एकाने हुकला. फक्त एकाने! देवी बरोबरच बोलली. पाच कंदील दाखवले तिने. पोरीच्या त्या फुटक्या डोळ्याने एक खाल्ला."

"कंदील एकच होता, काका," बीयुन म्हणाली.

"तू गप. वहिनी, नळाला पाणी आहे, तोटीत घाण अडकलीये. तोटी बदला."

"बदला हो, वहिनी!" मागून सगळे.

आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझ्या पोरीच्या डोळ्याला सुरी लावायची, तीसुद्धा तुमच्या जुगारापायी? लाज नाही वाटत?"

"जुगार आमचा एकट्याचा का? चौऱ्याहत्तरवर तुमचेही गेलेच की!"

बीयुनने आईकडे पाहिलं. आई पेजेच्या पातेल्याकडे पाहू लागली. "एकदाच लावला," ती पुटपुटली. "म्हटलं, ऑपरेशन-बिपरेशन निघालंच तर..." पण लगेच सावरली. "काही असो. शिक्का मिळणार नाही. तिसरा कौल मिळालेला नाही."

"नका देऊ," काका म्हणाले. "कागद आण गं इकडे. घरचं माणूस पाहिजे ना? मी काय परका? ही महिन्याची झाली तेव्हा आप्तांना वाटतात ती लाल अंडी मी खाल्लीयेत!" आणि त्यांनी खिशातून स्वतःचा शिक्का काढला, लाल शाईत दाबला आणि ठॅप करून कागदावर उमटवला. मग मागच्या बाईने. तिनेही अंडी खाल्ली होती. मग सायकलवाल्याने. त्याने खाल्ली नव्हती, पण त्याच्या वडिलांनी खाल्ली होती. बघता बघता रांग लागली. कागदावर जागा उरेना तशी लोक समासात घुसू लागली. सगळे शिक्के बीयुनच्या नाहीतर तिच्या वडिलांच्या हातचे. सोळा झाले.

आई हे सगळं बघत होती. आधी तिने नाक मुरडलं. मग जवळ आली. मग कागदावर वाकून तिने एकेक शिक्का बोटाने मोजला.

"हा सायकलवाला कोण लागतो हिचा?"

"मानलेला भाऊ," सायकलवाला म्हणाला.

"आणि हा सुपारीवाला एवढा मधोमध? नऊ महिने पोटात ह्याने ठेवली होती वाटतं!" आईने पोलक्यात हात घातला. "सरका. सरका म्हणते ना! बीयुन, शाई धर." आणि काकांच्या शिक्क्याच्या बरोब्बर डोक्यावर तिने आपला शिक्का असा दाबला की मेज हललं.

शुक्रवारी सकाळी डॉक्टर श्याओंनी तो कागद उजेडात धरला. "एवढे नातेवाईक?"

"गल्ली आहे," बीयुन म्हणाली.

"ह्यात आई कुठली?"

"सगळ्यांत वरची," आई म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि नेहमीप्रमाणे सगळं समजावून सांगितलं. टाके बारीक असतात, वर्षभर राहतात. नजर हळूहळू बसते. घाई करायची नाही. "आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पडदा छान बसला तरी थोडा वाकडेपणा राहतोच. चष्म्याने भागलं तर उत्तम. नाहीतर बारीक कोरीवकामासाठी त्याच्यावर लेन्स घालावी लागेल. मात्र तेव्हा ती जागची हलणार नाही."

आई बाकावर पुढे सरकली.

"काय घालावी लागेल?" आईने विचारलं.

"लेन्स."

"पुन्हा सांगा. हिला ऐकू जाईल असं सांगा."

"लेन्स, आजी."

"बघ!" आई बाकावरून उठलीच. "तीन महिने मी घसा कोरडा करतेय, लेन्स घाल, लेन्स घाल! एवढे शिकलेले डॉक्टर, तेसुद्धा शेवटी माझ्याच म्हणण्यावर आले की नाही?"

बीयुन इतकी हसली की नर्सने तिला दटावलं, डोळ्यात औषध घातलंय, हलू नका म्हणून. मग ढकलगाडी आली. आई अजून बोलतच होती. आंब्याला काय चालतं आणि माणसाला काय चालतं, तोंडाला खळ नव्हता. गाडी हलली तरी तिची मूठ बीयुनच्या बाहीवर तशीच आवळलेली होती. दारापाशी नर्सला थांबून तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.