भुसकटावर शिकलेलं स्कीइंग

बर्फावरून घसरत जायला काय लागतं, हे मला विचारा! बर्फ ताजा, भुसभुशीत असेल तर पायांतल्या पट्ट्या जवळजवळ ठेवायच्या, टोकं रुतू द्यायची नाहीत, वजन जरासं मागं. काचेसारखा टणक असेल तर गुडघे वाकवून पुढं झुकायचं आणि पट्ट्यांच्या कडा रुतवायच्या. उन्हानं पाणावलेला असेल तर घाई करायची नाही. मोबाईलवर बघून बघून सगळं पाठ केलं होतं मी. आता आमच्या ईट गावात बर्फ म्हणजे रसवंतीवरचा, पोत्यात गुंडाळलेला, ही गोष्ट वेगळी!

हे खूळ माझ्या डोक्यात आलं ते मायमुळं. अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले आणि मायचं हसणंच बंद झालं. शेळ्यांमागं फिरायची तेव्हा तिचं हसणं वेशीपर्यंत ऐकू यायचं. आता बोलायची, पण कामापुरतं. जेवलास का, दार लाव, संपलं. घर कसं दळण बंद पडलेल्या गिरणीसारखं झालेलं.

एकदा माझी बायको दैवशाला म्हणाली, "आवं, आत्यांना कुठंतरी फिरवून आणू."

मी मायला विचारलं, "सोनारीला जायचं का, भैरवनाथाला?"

"देव लई बघितले," माय म्हणाली. "त्यांनी बी मला बघितलंय. मला बरफ बघायचंय. टीव्हीत दावतेत, ते खरं असतंय का?"

अण्णा गेल्यापासून तिनं पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं! माझी छाती फुगली. मी म्हणालो, "नुसतं बघायचं काय, माय? मी तुला त्याच्यावरून पळून दाखवतो!"

आमचा शेजारी समद सुतारकाम करतो. त्याच्याकडून दोन लांब फळ्या करून घेतल्या, सुतळीनं पायाला बांधल्या आणि घरामागच्या सोयाबीनच्या भुसकटाच्या ढिगावर चढलो.

समदनं विचारलं, "मास्तर, पायाला दारं लावून कुठं निघालात?"

"काश्मीरला!" असं म्हणून मी सुटलो. पडलो नाही हं! गुडघ्यापर्यंत रुतलेला माणूस पडणार कुठं? भुसभुशीत बर्फाचा सराव पक्का झाला, असं मी जाहीर केलं.

गावात मात्र भलतंच जाहीर झालं. मास्तरच्या दोन्ही पायांना फळ्या बांधल्यात, म्हणजे पाय मोडले! माणसं भेटायला यायला लागली. कुणी केळी आणली, कुणी हाडवैद्याचा पत्ता. दैवशाला चहा करून करून वैतागली. माय दारात बसून येईल त्याला सांगायची, "पाय बरं हायत त्याचं. डोस्क्याचं बघा." पण हसली नाही.

आम्ही तिघं गुलमर्गला पोचलो आणि गाडीतून उतरल्यावर माय जागीच थांबली. सगळीकडं पांढरं. तिनं खाली वाकून मूठभर बर्फ उचलला, हातात धरून राहिली. पाणी बोटांतून गळायला लागलं तरी सोडेना.

"गार हाय," एवढंच म्हणाली. जरा वेळानं हळूच म्हणाली, "त्यांनी बी बघायला पायजे हुतं."

सांत्वन करायचे शब्द मला कधी वेळेवर सापडत नाहीत. म्हणून मी आपला पट्ट्या भाड्यानं घ्यायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उतारावर उभा राहिलो. लुगड्यावर स्वेटर, पायात गमबूट, पदरावरून कानटोपी अशी माय खाली लाकडी घसरगाडीत बसलेली. शेजारी गाडीवाला दोरी धरून उभा होता आणि दैवशाला मोबाईल घेऊन. आदल्या दिवशी वितळलेला बर्फ रात्रीत गोठून फरशी झाला होता. मी ते बघितलं का? नाही! माझा सराव भुसकटाचा. वजन मागं टाकलं आणि सुटलो!

मागून, पट्ट्यांबरोबर मिळालेला शिकवणारा ओरडला, "पिझ्झा! पिझ्झा बनाओ!"

ह्याला आत्ताच भूक लागली? मी ओरडलो, "बाद में खायेंगे!"

"अरे, पिझ्झा! पिझ्झा!"

खालून माय गाडीवाल्याला म्हणाली, "उपाशी हाय का वो त्यो माणूस?"

पुढची टोकं जवळ आणि टाचा लांब, असा पिझ्झाच्या तुकड्यासारखा आकार केला की वेग कमी होतो, हे मला नंतर कळलं. तोवर मी बायकोचा फोटो काढणाऱ्या एका नवऱ्याच्या मध्ये घुसून तो फोटो बिघडवला होता, एकाची छत्री घेतली होती (मागितली नव्हती, हातात आली!) आणि "सरका! सरका!" ओरडत सरळ मायकडं निघालो होतो.

"आवं, वळा की!" दैवशाला ओरडली.

वळायचं पाठ होतं. पायाला पाठ नव्हतं.

धाडकन गाडीवर आदळलो, उलटा होऊन मायच्या मांडीत बसलो, गाडीवाल्याच्या हातची दोरी सुटली आणि आम्ही दोघं, छत्रीसकट, खालच्या उतारावरून सुसाट! एका ढिगात गाडी घुसली. सगळं शांत.

मी धडपडत बाहेर आलो. माय आडवी. तोंडावर पदर. अंग गदागदा हलतंय.

हसवायला आणलं आणि काय करून बसलो! "माय! माय, लागलं का? बोल की!"

तिनं पदर काढला. ती हसत होती! डोळ्यांतून पाणी, कानटोपी नाकावर, आणि ते जुनं, वेशीपर्यंत जाणारं हसणं. गाडीवाला घाबरून पळत आला होता, तोही थांबून बघत राहिला. मी तिच्याशेजारी बर्फात बसून राहिलो. एवढं भटकून मला जे पाहिजे होतं, ते माझ्या एकाही पाठ केलेल्या युक्तीनं मिळालं नव्हतं.

डोळे पुसून ती म्हणाली, "पुन्यांदा जायचं का रं? तू नगं. मी आन् दैवशाला."

आता आमच्या अंगणात बायका जमतात. काश्मीर कसं आहे, ते ईटला अजून कळलेलं नाही. माय उभी राहून फक्त माझं पडणं करून दाखवते. मी आत बसून ऐकतो. गोष्ट रोज वाढत चाललीय. आधी एक झाड आडवं आलं. मग दरी आली. मी गप्प राहिलो, कारण सांगताना ती हसते. पण परवा अस्वल आलं, तेव्हा मला राहवलं नाही. बाहेर येऊन म्हणालो, "माय, अस्वल कुठं हुतं?"

"तू डोळं मिटून घेतलं हुतं," माय म्हणाली. "तुला काय दिसणार?"

बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी आत गेलो. कारण, तुम्हाला म्हणून सांगतो, अस्वलाचं नाही, पण डोळ्यांचं खरं होतं!