भिलाचा मोकळा खांदा

"राग खांद्यात साचस म्हने. साचू द्या ना मॅडम. खांदा मन्हा, राग मन्हा. तुमले कोनी सांगेल व्हतं उपसाले?"

भिला केळीच्या बांधावर बसून भांडत होता. शिबिरवाल्या मॅडम केव्हाच नाशकात परतलेल्या. आणि भांडताना त्याच्या डोळ्यातून पाणी चाललेलं. खरी भानगड तीच.

झालं असं. भिलाला राग आला की शिवारातली कुत्री आधी गप व्हायची. बीपीच्या गोळ्या एकाच्या दोन झाल्या तेव्हा त्याची बायको रमिलाबाई म्हणाली, "शहादाले शिबिर शे. अंग हालावतस, मन मोकळं व्हस. एक डाव चाला."

भिला गेला. (जेवण फुकट होतं.) मॅडमनी त्याला चटईवर आडवा पाडला, पाय लटलट हलवायला लावले आणि खांद्यात अंगठा रुतवून म्हणाल्या, "दादा, किती वर्षांचं धरून ठेवलंय. सोडा आता."

दादानं सोडलं. पाऊण तास रडला, घरी येऊन चार भाकरी खाल्ल्या आणि बैलासारखा झोपला. दोन दिवस घरात कोणी ताट आपटलं नाही. रमिलाबाई खूश.

तिसऱ्या दिवशी केळीची कापणी. व्यापारी जिनेशशेठची माणसं दरवर्षी मोठे घड कापायची, बारके झाडावर सोडायची, आणि भिला बोंबलला की मुकाट सगळी ओळ कापायची. आजही बारके सोडायला लागली. माल पुरा तयार, ऊन हे असं. आज गाडीत गेला नाही तर परवा झाडावरच पिवळा. भिलानं छाती भरली, तोंड उघडलं, आणि शिवीच्या जागी रडं आलं. (हॉर्न दाबावा आणि वायपर चालू व्हावा तसं.)

पंधरा वर्षांत शेठनं या माणसाच्या डोळ्यात पाणी पाहिलं नव्हतं. सख्खा बाप गेला तेव्हाही हा लाकडं ओली आणली म्हणून वखारवाल्याशी भांडत होता. आता याची आई तापीबाई, वय ऐंशी, आठ दिवस तापानं पडून होती. शेठनं हिशोब जुळवला.

"भिलाभाऊ, माय गई का?"

भिलाला म्हणायचं होतं, मायचा ताप कालच उतरला, ती घरी धडधाकट आहे, तुझी माणसं चोर आहेत. पण "माय" एवढंच बाहेर आलं. पुढे हुंदका.

शेठनं हात जोडले. "कोयता ठेवा रे. यास्ना घरमा माती व्हयनी अन आपण केळी कापी ऱ्हायनूत."

गाडी शेजारच्या उमाकांतच्या मळ्यात गेली. उमाकांतनं आधी माल भरला, मग बायकोला भिलाच्या दारवर पाठवलं. भिला बसला बांधावर मॅडमशी भांडत, ते वर सांगितलंच.

तो घरी पोचला तेव्हा ओट्यावर पंधरा बायका. आमच्याकडे माणूस गेलं की त्या घरी रडायला जातात, त्याला दारवर जाणं म्हणतात. रमिलाबाई सांगत होती, "अवो, कोनी नही गयं."

"तिले अजून सांगेल नही वाटतं," बायका म्हणाल्या आणि जास्तच जोरात रडल्या.

आवाज ऐकून आतून तापीबाई आल्या. हातात भाकरीचा तुकडा. बायकांत जागा करून बसल्या, रीतीप्रमाणे दोन हुंदके दिले, मग शेजारणीला विचारलं, "कोन गयं वं माय?"

शेजारणीनं वर पाहिलं. "तुम्हीच, आजी."

"कवय?"

"सकायले."

तापीबाईंनी तुकडा चावून संपवला. भिलानं रडत रडत सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "फोन लाव त्या शेठले."

लावला.

"जिनेश, मी तापीबाई बोलस."

पलीकडे शेठ देवाचं नाव घ्यायला लागला.

"गाडी वापस धाड. बारका घडबी कापजो. नही ते मी सोता येस."

"धाडस आजी," शेठचा आवाज आला. एवढा बारीक की तो भिलाला कधी ऐकायला मिळाला नव्हता. "आत्तेच धाडस. तुम्ही नका येऊ."

भिलानं डोळे पुसले, रुमाल खांद्यावर टाकला आणि निघाला.

"तू कथा चालना?"

"मळामा. मालजवय उभं ऱ्हावा लागी ना."

"तू उभा ऱ्हायना ते आजून कोनी मरी जाई. मळामा रमिला जाई." तापीबाई बायकांकडे वळल्या, मग परत पोराकडे. "सुतकना घरमा चुल्हा पेटत नही. पन मी ते जित्ती शे. घरमा जा. पंधरा कप चहा ठेव."