कंट्रोलरकाकांची तीन बटणं

“तिन्ही बटणं जशीच्या तशी परत आणून दाखवतो! नाही आणली तर मिशी उतरवीन!”

कंट्रोलरकाकांनी सकाळी चहाचा कप बशीत आपटून हे जाहीर केलं, तेव्हा काकूंनी कपाला तडा गेला का, एवढंच पाहिलं. तेहतीस वर्षांच्या संसारात ती मिशी निदान दोनशे वेळा पणाला लागली होती आणि अजून जागच्या जागी होती.

घोषणा हा काकांचा धंदाच. एकतीस वर्षं बस डेपोत मायक्रोफोनसमोर बसलेला माणूस! आवाज असा, की एकदा मायक्रोफोन आठवडाभर बंद पडला होता आणि एकाही प्रवाशाला पत्ता लागला नाही. निवृत्तीनंतर मायक्रोफोन सुटला, आवाज मात्र सुटला नाही. तो काकांनी थेट सेवा क्लबात आणून सोडला.

क्लबानं यंदा तरुणांची शाखा काढली. अध्यक्ष झाली काकांची पुतणी. लहानपणापासून आवाज एवढासा, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. मार्गदर्शक म्हणून अर्थातच काका! पहिल्या तीन बैठकांत त्यांनी इतकं मार्गदर्शन केलं, की तरुणांना जांभया आवरण्यापलीकडे काही काम उरलं नाही. चौथ्या बैठकीत चिमणीनं त्यांच्यासमोर कोटाची तीन मोठी लाल बटणं ठेवली.

“काका, एक सूचना, एक बटण. बटणं संपली की तोंड बंद.”

“अगं, पण...”

“हे ‘पण’ फुकट. पुढचं ‘पण’ बटणात धरीन हं.”

आज शाखेचा पहिला कार्यक्रम होता. शाळेच्या हॉलमध्ये चाळीस म्हाताऱ्यांचे डोळे तपासून द्यायचे आणि त्यांचे जुने चष्मे दुरुस्त करून द्यायचे. मुख्य कार्यालयातून निरीक्षकबाई येणार होत्या. तरुणांनी सगळं आपलं आपण निभावलं, तर शाखा कायम. मोठ्यांनीच कारभार हाकला असं दिसलं, तर शाखा बंद आणि पोरं पुन्हा क्लबाच्या खुर्च्या उचलायला मोकळी. चिमणी आठवडाभर धड जेवली नव्हती.

काका हॉलमध्ये शिरले आणि दारातच अडले.

“ती खुर्च्यांची रांग वाकडी आहे!”

चिमणीनं तळहात पुढे केला. एक बटण गेलं.

काका कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. उठले. पुन्हा बसले. पाय हलायला लागला, मग गुडघा, मग अख्खं स्टूल. तेवढ्यात शाखेचा चिटणीस, ज्याला सगळे बांबू म्हणत, माईकवर “हॅलो, हॅलो” करू लागला.

“माईक लांब धर! तोंडात घालतोस की काय?”

दुसरं बटण!

तिसरं बटण कशावर गेलं, ते सांगायला मलाच लाज वाटते. बांबूच्या बुटाची नाडी सुटली होती. नऊ वाजून चार मिनिटांनी काका निःशस्त्र झाले, आणि कार्यक्रम तर सव्वानऊला सुरू व्हायचा होता!

म्हातारी मंडळी आली, ओळीनं खुर्च्यांवर बसली. चष्मेवाला एकेकाचा चष्मा घ्यायचा, पुसायचा, स्क्रू आवळायचा आणि लांब टेबलावर ठेवायचा. निरीक्षकबाईंच्या चष्म्याची काडीही सैल होती, म्हणून त्यांनी आपलाही चष्मा त्याला दिला आणि रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर डोळे किलकिले करत बसल्या.

काकांची नजर त्या टेबलावर पडली. काय ती अवस्था! मोठ्या फ्रेमशेजारी चिमुकली, काळीशेजारी सोनेरी! डेपोत कुणी अशा बस लावल्या असत्या तर काकांनी त्याला टायरला बांधला असता. सांगायचं तर बटण नाही. पण नियम बोलण्याचा होता. हातांबद्दल नियमात चकार शब्द नव्हता!

चष्मेवाला आत डोळे तपासायला गेला, चिमणी दाराशी एका आजोबांना पायरी चढवत होती. काका मांजरासारखे टेबलाशी गेले. कपाळावरचा घाम पुसायला आपला चष्मा क्षणभर काढून ठेवला, पुन्हा घातला आणि कामाला लागले. मोठे मागे, छोटे पुढे, सोनेरी वेगळे, सगळ्यांची तोंडं बाहेर. पाच मिनिटांत टेबल कसं डेपोसारखं दिसायला लागलं! काकांना स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं, की डोळे भरून आले असावेत. सगळं जरा अंधुक दिसत होतं.

आता तुम्हाला म्हणून सांगतो. चष्म्यांवर नावांच्या चिठ्ठ्या ठेवल्या तर त्या पंख्यानं उडतात, हे चिमणीनं आदल्याच दिवशी ओळखलं होतं. म्हणून तिनं साधी युक्ती केली होती. खुर्च्यांचा जो क्रम, तोच टेबलावर चष्म्यांचा.

बांबूनं त्या क्रमानं भराभर चष्मे वाटले. मग जे काही झालं!

“अरे, पेपरातली अक्षरं कुठं गेली?”

“मला दोन-दोन बांबू दिसताहेत!”

एका आजींनी शेजारच्या भलत्याच आजोबांचा हात धरला. “चला, घरी चला.”

“बाई, मी तुमचा नवरा नव्हे!”

“चाळीस वर्षं हेच ऐकतेय! उठा मुकाट्यानं!”

निवृत्त पोस्टमन तेवढा आनंदानं नाचत होता. “पहिल्यांदाच स्पष्ट दिसतंय! मी हा चष्मा परत देणार नाही!”

निरीक्षकबाईंनी मिळालेला चष्मा घातला, अहवालाचा कागद नाकाला टेकवला आणि उठून उभ्या राहिल्या. “हे कोणी केलं?”

बांबूचा चेहरा पांढराफटक. चिमणी टेबलाकडे पाहत राहिली. मोठे मागे, छोटे पुढे... तिला काय ते कळलं. तिनं काकांकडे एकदा पाहिलं. मग एवढ्याशा आवाजात म्हणाली, “जबाबदारी माझी. अध्यक्ष मी आहे.”

काका ताडकन उठून टेबलाशी आले. बोलावं तर बटण नाही, न बोलावं तर पोरगी बुडते! त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण धरलं आणि टर्रकन तोडून टेबलावर आपटलं.

“मी केलं!”

दुसरं बटण टर्र! “तिचा काही दोष नाही!”

तिसरं! “तिची पद्धत उत्तम होती!”

चौथं! “मीच गाढव!”

पाचवं तोडेपर्यंत सदऱ्याची दोन दारं सताड उघडली आणि आतली बनियन हॉलभर जाहीर झाली.

“पुरे, काका,” चिमणी म्हणाली. आवाज तेवढाच बारीक, पण काका जागीच थांबले. “सगळ्यांनी चष्मे उतरवा. बांबू, तू गोळा कर. काका, स्टुलावर उभे राहा. मी कानात सांगीन तेवढंच बोलायचं. एक शब्द जास्त नाही.”

आणि काकांचा आवाज घुमला. “लक्ष द्या! काळी जाड फ्रेम! डाव्या काडीला दोरा! मालकानं हात वर करावा!” अर्ध्या तासात एकोणचाळीस चष्मे आपापल्या नाकांवर पोचले. पोस्टमनकडून मात्र ओढूनच घ्यावा लागला.

राहिल्या आजी, तशाच अंधुक डोळ्यांनी चाचपडत, भलत्या आजोबांचा हात न सोडता. त्यांची तपकिरी फ्रेम मिळाली, तेव्हा कुठं त्या “अगं बाई!” म्हणून हात सोडून लाजल्या. चाळीस झाले.

उरला एकच चष्मा, करडा, साधा. निरीक्षकबाई म्हणाल्या, “हा माझा नाही. माझी जांभळी फ्रेम, कडेला खडे.”

चिमणीनं हळूच वर पाहिलं. स्टुलावर काका उभे होते. नाकावर जांभळी फ्रेम, कडेला खडे.

बाईंनी आपला चष्मा घातला, काकांची बनियन एकदा नीट पाहून घेतली आणि अहवाल लिहिला. ‘मोठ्यांनी काम केले काय? केले. कोणाच्या हुकमाने? अध्यक्षांच्या. शाखा कायम.’ खाली आणखी एक ओळ होती. ‘नेतृत्व शिबिरात मार्गदर्शकाला पाठवावे, शिकण्यासाठी.’

चिमणी तिथंच खुर्चीत बसली आणि डब्यातल्या तिन्ही पोळ्या तिनं संपवल्या.

काका उघड्या सदऱ्यानं, छाती पुढे काढून घरी आले. दारातूनच गरजले, “अगं, ऐकलंस का! आज माझ्यामुळं...”

काकूंना चिमणीचा फोन आधीच येऊन गेला होता. त्यांनी तळहात पुढे केला.

“आधी बटण.”

काकांनी सदरा चाचपला. मग कपाटातून दाढीचं सामान काढलं आणि मुकाट्यानं आरशापुढे जाऊन बसले.