आप्पांच्या खिशातलं वांगं

दगाजीआप्पांच्या कोटाच्या उजव्या खिशात नेहमी एक वांगं असे.

डावा खिसा चारचौघांसारखा होता. त्यात तंबाखूची चंची, घराची किल्ली आणि शेंगांची फोलपटं. उजवा मात्र मांडीपर्यंत लोंबत असे आणि त्यातून हिरवं देठ बाहेर डोकावत असे. आमचा शिंपी सांगायचा, की नवा कोट शिवायला आले तेव्हा आप्पांनी छातीच्या आधी वांग्याचं माप दिलं. तेही किरकोळ वांगं नव्हे. खास खानदेशी भरताचं, फिकट हिरवं, तान्ह्या मुलाच्या डोक्याएवढं. शिंप्यानं विचारलं, "आप्पा, वांगं वाढनं तर?" आप्पा म्हणाले, "वाढनं तर खासू. तू खिसा शिव."

हे वांगं म्हणजे त्यांची शिदोरी. आमच्या पश्चिम खानदेशात आठवड्याचा प्रत्येक वार कुठल्या ना कुठल्या गावच्या बाजाराचा असतो. आप्पा नंदुरबारहून निघून त्यातले जमतील तेवढे बाजार पायी करत. विकायला काही नसे, घ्यायचंही काही नसे. बायको कधीच वारली होती आणि शेत पुतणे पाहत होते. फडक्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, खिशात वांगं, काखेत छत्री, की निघाले. बाजारात जिथं विस्तव दिसेल तिथं वांगं भाजून घ्यायचं, मीठ-मिरची तिथंच मागायची आणि झाडाखाली बसून जेवायचं.

या उद्योगाचे नियम होते. पहिला नियम, "पहिले पाय, मंग पोट." चालून गेल्याशिवाय खायचं नाही. मोटार नुकतीच सुरू झाली होती आणि आगगाडी तर केव्हाचीच होती, पण आप्पांचं म्हणणं, "गाडी माणूसले पोचाडस, दखाडत नही." दुसरा नियम, बाजाराला तीन फेऱ्या मारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. "बाजार पहिले डोयाघाई खावाना," असं ते डोळ्यांकडे बोट दाखवून सांगत. भजीवाले त्यांना पाहून तोंड फिरवत. तीनदा समोरून जाऊन, तीनदा घाण्याकडे प्रेमानं बघून शेवटी वांगं काढणारं गिऱ्हाईक कुणाला आवडेल?

विस्तवांबद्दल त्यांची मतं ठाम होती. "लोहारना इस्तो तापट. वांगं वरथीन कोयसा, मझार कच्चं. हलवाईना इस्तो आळशी. खरा इस्तो पऱ्हाटीना. भरकन पेटस नि मन लाईसन भाजस." कपाशीच्या वाळल्या काड्यांवर आप्पांचा फार जीव.

एकदा जकात नाक्यावर नव्या कारकुनानं त्यांना अडवलं. खिशातलं देठ पाहून विचारलं, हा माल की जेवण? माल असेल तर जकात पडेल. आप्पा नाक्याच्याच चुलीपाशी बसले, वांगं भाजलं, सोललं, कारकुनाच्याच मिठात कालवलं, निम्मं त्याच्यापुढे ठेवलं आणि उरलेलं संपवून म्हणाले, "आते काढ जकात." पुढे तो कारकून आप्पा दिसले की आपणच मीठ पुढे करी.

मी देशावरचा. नंदुरबारला शाळेत मास्तर म्हणून आलो आणि आप्पांच्या भिंतीला भिंत लागून असलेलं घर घेतलं. त्यांची बोली मला सुरुवातीला निम्मीच कळे. माझ्या पत्नीला, सुमतीला, ती महिन्याभरात पुरती कळू लागली. मी पुस्तकात असे आणि ती परसातल्या भिंतीवरून आप्पांशी बोलत असे. ती म्हणायची, "आप्पा, एवढं उन्हातून वांगं फिरवून आणता, त्यापेक्षा आमच्या चुलीवर भाजा की." आप्पा म्हणायचे, "तुम्हनी चूल बाजारमा लया, मंग भाजसू." मग दोघं हसत. त्यात एवढं हसण्यासारखं काय आहे, हे मला समजत नसे.

त्या श्रावणात सुमती तापानं गेली.

त्यानंतर मी खानावळीत जेवू लागलो. चूल तशीच राहिली. शाळेतून आलो की पुस्तक उघडून बसत असे, आणि दिवा लावायची वेळ झाली की तेच पान समोर असे. भेटायला येणारे गीतेतलं काहीतरी सांगत. आप्पा आले ते कार्तिकात, एका सुटीच्या सकाळी. त्यांनी गीता सांगितली नाही. दारातूनच म्हणाले, "मास्तर, पुस्तकले पाय नहीत. तुम्हले शेतस. चाला."

"कुठं?"

"धानोराना बाजारले."

"मला काही घ्यायचं नाही, आप्पा."

"माले तरी कोठे लेवानं शे?"

मी चपला घातल्या.

गावाबाहेर पडलो तशा मिरच्यांच्या पथाऱ्या लागल्या. शेतभर वाळत घातलेली लाल मिरची. वारा आला की दोघंही शिंकत होतो. आप्पा प्रत्येक शिंकेनंतर थांबून समाधानानं मान डोलवत. "छाती मोकळी व्हयनी. वैद्य याना पैसा लेस." पुढे ज्वारी उभी होती, उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ होती. एका शेतकऱ्यानं बांधावरून हाक मारून मूठभर शेंगा दिल्या. आप्पांनी त्या माझ्या खिशात घातल्या. त्यांच्या खिशात जागा कुठली? डोंगरातून डिंक न् आमचूर घेऊन निघालेल्या बायांशी ते त्यांच्या पावरी बोलीत बोलले. त्यांची पावरी ऐकून त्या तोंडाला पदर लावून हसल्या. आपली बोली यांना फार आवडते, असं आप्पांनी मला नंतर सांगितलं.

मी फारसं बोललो नाही. पण धानोरा दिसायला लागलं तेव्हा मला भूक लागली आहे हे लक्षात आलं. दोन-तीन महिन्यांत पहिल्यांदा.

आता तीन फेऱ्या, असं मनाशी म्हणत होतो, तर आप्पा नाल्यावर थांबले. तोंड धुतलं, पागोटं सोडून नव्यानं बांधलं, कोट झटकला आणि एकही फेरी न मारता बाजाराच्या पार टोकाला कुंभारांच्या मडक्यांकडे निघाले. तिथं सखूमाय नावाची म्हातारी कुंभारीण बसली होती. तिच्याजवळ पऱ्हाटीच्या काड्यांचा ढीग आधीच रचलेला होता. आप्पा बसले. थोड्या वेळानं डोक्यावर पदर घेतलेली एक तरुण बाई आली. काही न विचारता तिनं आप्पांच्या खिशात हात घालून वांगं काढलं.

मी चकित झालो. त्या वांग्याला आजवर आप्पांशिवाय कुणी हात लावलेला मी पाहिला नव्हता.

तिनं काड्या पेटवल्या, वांगं फिरवून फिरवून भाजलं, सोललं, सखूमायच्या परातीत ठेचलं. मिरची, लसूण, मीठ. सगळं भराभर. आप्पांनी पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ जास्त व्हयनं."

"जास्त व्हयनं तर ठेवा खाले. मास्तर खातीन."

"ठेवस असं कोन म्हनी ऱ्हायनं?"

"मंग गपचूप खा ना, बाबा."

ती त्यांची मुलगी, येसू. धानोऱ्यातच दिली होती. आप्पा जेवत होते तोवर तिनं कोटाचा उसवलेला खिसा ओढून मांडीवर घेतला. सुई-दोरा आप्पांनीच डाव्या खिशातून काढून दिला. तिनं टाके घातले, गाय व्यायली का विचारलं, पुतण्यांची मुलं शाळेत जातात का विचारलं, आणि पदर सावरून निघून गेली. आप्पा परात बोटानं पुसत राहिले.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "आप्पा, तिचं घर इथंच ना? मग घरी का नाही जात?"

"जासू कसा? तिले पोरबाळ नही अजून."

आमच्याकडेही ही रीत होती, पण मी ती विसरलो होतो. मुलीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरी अन्नाला शिवायचं नाही. आप्पांसारखे कडक लोक पाणीही पीत नाहीत.

"पण तिच्या हातचं तर आत्ताच खाल्लंत."

आप्पा वाटेत उभे राहिले. छत्री जमिनीत रोवली आणि एकेक बोट मोडून वकिलासारखं सांगू लागले. "वांगं मन्हं. भाकर मन्ही. इस्तो कुंभारना. मीठ बाजारनं. तिना सासरनं काय खादं मी? सांगा! हात तेवढा पोरना. हात तर मन्हाच घरना शे ना?"

थोडं चालल्यावर पुन्हा विचारलं, "मग बाकीचे बाजार कशाला? सगळीकडे वांगं कशाला?"

आप्पांनी छत्री पुन्हा रोवली. मग सातपुड्याकडे बघत म्हणाले, "एकच बाजारले गऊ तर लोके म्हनतीन, आप्पा पोरकडे जास. तिनी सासू बोली तिले. तिले पोर नही म्हनीसन आधीच बोलस. सगया बाजार फिरनू, तर लोके म्हनतस, आप्पा येडा शे." आणि छत्री उचलून चालू लागले. "येडा बरा."

पुढे हिवाळाभर सुटी मिळेल तसा मी त्यांच्याबरोबर चाललो. बाकीच्या बाजारांत लोहाराशी भांडण, हलवायाशी भांडण, तीन फेऱ्या, सगळं यथासांग चाले. धानोऱ्याला मात्र नाल्यावर पागोटं बांधलं जाई. येसूच्या चेहऱ्याकडे आप्पा चोरून बघत, आणि परतताना निम्म्या वाटेपर्यंत गप्प असत. शेजारच्या एका बाईनं एकदा माझ्यासमोर सांगितलं, की धानोऱ्याची सासू मुलाला दुसरी बायको करायचं बोलते आहे. आप्पांनी ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांत मोठं वांगं निवडलं.

फाल्गुनात पळस फुलला होता. आम्ही धानोऱ्याला पोचलो, सखूमायजवळ बसलो. काड्या रचलेल्या होत्या. येसू आली नाही.

आप्पांनी वांगं काढून मांडीवर ठेवलं. बाजार भरला, उन्हं चढली. सखूमाय म्हणाली, "दे, मी भाजस." आप्पांनी नको म्हणून मान हलवली. मला भाकरी खायला सांगितली, मलाही खाववेना. शेवटी गर्दीतून त्यांचा जावई येताना दिसला. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत समोर उभा राहिला.

"मामा, ती ई नही आज."

"काय व्हयनं?"

"उलट्या व्हई ऱ्हायन्यात. वांगाना नुसता वास उना तरी."

आप्पा ताडकन उठले. "वैद्यले दखाडं का?"

"माय म्हने, वैद्य नको."

"वैद्य नको? मन्ही पोर उलट्या करी ऱ्हायनी नि तुन्ही माय वैद्य नको म्हनस?"

"माय... हासी ऱ्हायनी, मामा."

आप्पांचा चेहरा लाल झाला. छत्री वर गेली. तेवढ्यात सखूमाय मडकी खडखडतील इतक्या मोठ्यानं हसली. "अरे आप्पा, खराच येडा शेस का तू? तुन्हा नातू शे तो, वांगं नको म्हनी ऱ्हायना!"

छत्री तशीच वर राहिली. मग हळूहळू खाली आली. आप्पांनी जावयाकडे पाहिलं. तो अजून माती उकरत होता, पण ओठ दाबून हसत होता.

मग दगाजीआप्पांनी एक गोष्ट केली, जी त्या मुलखात कुणीही पाहिली नव्हती. पहिल्याच फेरीत ते खरेदी करू लागले. चिंचा घेतल्या, बोरं घेतली, कुठूनशा पहिल्या कोवळ्या कैऱ्या मिळवल्या. डोंगरातल्या बायांकडून आमचूर घेतला. मी म्हटलं, "आप्पा, तीन फेऱ्या?" ते म्हणाले, "फेऱ्या मंग." भजीवाल्यासमोर थांबून सखूमायसाठी भजी घेतली, तेव्हा त्यानं मूठभर जास्तच बांधली. सगळं जावयाच्या उपरण्यात कोंबून झाल्यावर आप्पा त्याला म्हणाले, "तुन्ही मायले सांग, बारशाले मी जेवाले येसू. भरीत नको. दुसरं काही बी."

परतताना ते आज निम्म्या वाटेपर्यंत गप्प नव्हते, पूर्ण वाटभर बोलत होते. खिशात वांगं तसंच होतं.

दिवेलागणीच्या आधी घरी पोचलो. मी माझं कुलूप काढलं, तर आप्पा माझ्या मागोमाग आत आले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. आप्पा तिथं याआधी कधी आले नव्हते. चुलीपुढे उकिडवे बसून त्यांनी राख बाजूला केली. "इस्तो पेटाडा, मास्तर. हाई बिचारं सकायपासून उपाशी शे."

"चूल बाजारात आणा म्हणाला होतात."

"आज बाजार आठेच भरना."

मला चूल पेटवता येत नव्हती. धूर झाला, डोळ्यांत पाणी आलं, आप्पांनी दोन शिव्या दिल्या आणि मग ती पेटली. वांगं भाजू लागलं, घरभर तो वास पसरला. आप्पांनी ते सोललं आणि हात पुढे केला. "मीठ."

मीठ कुठं असतं हे मला ठाऊक नव्हतं. फडताळात शोधलं. मागच्या रांगेत चिनीमातीची लहान बरणी होती, तोंडाला फडकं बांधलेली. गाठ सुमतीची होती. ती नेहमी दोन वेढे देऊन उजवीकडे खोचायची. मी ती सोडली. पावसाळ्यात मिठाचा खडा झाला होता. चमच्यानं टोकरून थोडं काढलं आणि आप्पांच्या हातावर ठेवलं.

त्यांनी कालवलं, माझ्यापुढे सरकवलं आणि स्वतः एक घास घेतला. तोंड वाकडं होण्याची मी वाट पाहत होतो.

"बराबर शे," आप्पा म्हणाले.

मी जेवलो. नंतर बरणीला फडकं बांधलं, दोन वेढे देऊन उजवीकडे खोचलं, आणि ती पुढच्या रांगेत ठेवली.