इंग्लंडातला गोल आणि कुडव्यातली झेंडी

शनिवारी संध्याकाळी कुडव्यातल्या आमच्या गल्लीत हिरवी झेंडी फडकली, की समजायचं, इंग्लंडात गोल झाला! लाल दिसली, तर तो आपल्यावर झाला. झेंड्या रामटेकेकाकांच्या. उभा जन्म रेल्वे फाटकावर गेला. रिटायर झाले तरी झेंड्या काही सुटल्या नाहीत.

मी राज्याच्या पार दुसऱ्या टोकाचा, जतकडचा. आठवीत शाळा सोडली आणि दोन हजार दहाच्या आसपास वेल्डिंगच्या कामाला इकडे येऊन पडलो. ओळख ना पाळख, पण काकांनी मागची खोली दिली आणि पहिल्याच दिवशी ताटावर बसवलं.

"काऊन भेऊन राहिला बे? जेव. लाइन क्लिअर हाय!"

हे त्यांचं पालुपद. भात शिजला, लाइन क्लिअर. ताप उतरला, लाइन क्लिअर. माझं उलटं. फोन वाजला की मी तो आधी उशीखाली सारायचो. घरचं काय ऐकावं लागतंय! आणि हा माणूस फोन वाजावा म्हणून शनिवारी दुपारीच आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर तयार.

फोन प्रज्ञाताईचा. काकांची एकुलती एक लेक, इंग्लंडात नर्स. काकू गेल्यावर बापलेकीचं बोलणं "जेवले काय?" "जेवलो" याच्या पुढे सरकेना. एका शनिवारी फोनमधून भयंकर गलका आला. काका उभेच राहिले.

"दंगा होऊन राहिला काय माय?"

"नाई बाबा, घरामागं फुटबॉलचं मैदान हाय. गोल झाला."

"कोणाचा?"

"आपल्या गावचा."

झालं! ज्या गावात लेक राहते ते गाव आपलं, त्या गावची टीम आपली. फुटबॉलला हात लावायचा नसतो एवढंच काकांना माहीत होतं, तेही मी सांगितलं म्हणून.

टीम दुसऱ्या दर्जाच्या लीगमधली. तिकडच्या वरच्या लीगचे सामने आपल्याकडे टीव्हीवर दिसतात, या खालच्या लीगचे नाहीत. म्हणून काकांनी मिस कॉलची पद्धत बसवली. गलका ऐकला, किंवा सामना परगावी असला तर रेडिओवर कळलं, की ताईनं एक मिस कॉल द्यायचा, आपला गोल. लागोपाठ दोन आले, तर समोरच्यांचा. सामना संपला की खरा फोन, आणि मग तासभर बोलणं. कोण पडलं, कोण रडलं, पाऊस होता का, तू स्वेटर घातलं होतं का. एकदा गॅसवाल्यानं मिस कॉल दिला आणि अख्ख्या गल्लीनं त्याच्या सिलिंडरचा गोल साजरा केला.

त्या वर्षी टीम सुटलीच! शेतातले रोवणे, म्हणजे भाताची लावणी, आटोपता आटोपता सीझन सुरू झाला आणि धान कापणीला येईपर्यंत आमची टीम तिसरी. झेंडी बघून पानठेल्यावर लोक ओरडायचे, "काका, कितना हुआ?" मीसुद्धा दुकानातून सायकल दामटत यायचो. घरापासून इतक्या लांब माझं असं काहीतरी जिंकत होतं!

मार्चमध्ये गुड्डू केबलवाला म्हणाला, "काका, टीम ऊपर गई ना, तर माझ्या केबलवर लाइव्ह दिसन. मंग फोनची झंझटच खतम!"

काका हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांना बरोबरी आवडू लागली. "बरोबरी बेस. दोघंही जेवतेत." सलग दोन सामने जिंकल्यावर म्हणाले, "एवढी घाई कायले? वर गेलं म्हणजे पोरं थकतेत." गुड्डू म्हणाला, "काका सटक गये." मला मात्र ते फोनकडे कसे बघतात ते दिसत होतं.

मे महिन्यातला शेवटचा सामना. जिंकला तर वर, नाहीतर आहे तिथेच. ओट्याभोवती ही गर्दी! कुणी गुलाल आणलेला, कुणी ढोल. एक मिस कॉल. हिरवी! मग दोन. लाल. पुढे कितीतरी वेळ काहीच नाही. उकाड्यात सगळे फोनवर वाकलेले. आणि सामना संपता संपता एकदा वाजला. एकदाच! आम्ही श्वास धरून दुसऱ्याची वाट पाहिली. आला नाही.

ढोल वाजला, गुलाल उडाला. झेंडी मात्र काकांच्या मांडीवरच होती. मी हळूच म्हणालो, "काका, लाइन क्लिअर." तेव्हा कुठे त्यांनी ती उचलली.

ऑगस्ट आला. गुड्डूच्या दुकानात टीव्हीवर आमची टीम! सगळी गल्ली तिकडे. मी घरी आलो, तर काका इस्त्रीच्या शर्टात ओट्यावर. आत टीव्हीवर चादर टाकलेली. मी शेजारी बसलो.

तेवढ्यात गुड्डू धावत आला, "काका, काका, गो..."

काकांनी लाल झेंडी आडवी धरली. बंद फाटकापाशी गाडी थांबावी तसा गुड्डू थांबला. मग फोन वाजला. एकदा. काका उठून असे नाचले, जशी ती बातमी जगात पहिल्यांदा त्यांनाच कळली.

सामना संपल्यावर खरा फोन आला. स्पीकरवर ताई म्हणाली, "बाबा, आता तं तुमच्याकडं टीव्हीवर दिसते म्हणे?"

काकांनी चादरीकडे पाहिलं.

"कायची दिसते माय! आपल्या गुड्डूकडं ते च्यानलच नाई. तूच सांग."

जगातलं एखादं चॅनल आपल्याकडे नाही असं कुणी म्हटलेलं गुड्डूला कधी खपलं नव्हतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि फोनवर वाकून ओरडला,

"हाव दीदी! नहीं आता अपने यहाँ!"