श्यामसुंदरबाबू जेवायला थांबले

वैशाख लागला की खिदिरपूरच्या पेठ्यांकडे दुपारी शेगडी पेटत नसे. कालिंदीची शाळा सकाळची, दिगंबरचं सरकारी ऑफिस दहाचं. कालिंदी पहाटेच भात करायची, गार झाला की दूध-दही कालवून वर फोडणी घालायची आणि पातेलं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. दुपारी ती आणि आठ वर्षांची लीना तो दहीभात खात. शनिवारी ऑफिस लवकर सुटे, तेव्हा दिगंबरही असे. कलकत्त्याच्या उकाड्यात याहून जास्त काही रांधणारी बाई वेडी, असं कालिंदीचं स्पष्ट मत होतं.

त्या शनिवारी दिगंबर आला तो घामाने निथळत, आणि त्याच्या मागे छत्री मिटत एक स्थूल गृहस्थ. त्यांना पंख्याखाली बसवून तो धावत स्वयंपाकघरात आला.

"अगं, श्यामसुंदरबाबू आलेत. जेवायला."

"जेवायला? बोलावलं कोणी?"

"मीच. म्हणजे, बोलावलं असं नाही. त्यांची बेहाल्याची ट्राम आपल्या गल्लीपाशी बंद पडली. दोघं उतरलो. मी आपलं म्हटलं, 'चला, जेवूनच जा.'"

"मग त्यांनी 'नको, पुन्हा कधीतरी' असं नाही म्हटलं?"

"ते म्हणाले, 'बरं.'"

कालिंदीने कपाळाला हात लावला. जेवायला चला म्हणायचं आणि समोरच्याने नको म्हणायचं, हा व्यवहार आपल्याकडे लहान मुलालाही कळतो. श्यामसुंदरबाबूंना तो कळावा अशी अपेक्षा करणंच चूक होतं. शिवाय ते साधे पाहुणे नव्हते. ते दिगंबरचे साहेब होते. सेक्शनमधला एक माणूस शिलाँगला जायचा होता, आणि त्याचं नाव सोमवारी तेच कळवणार होते. कालिंदी तीनच आठवड्यांपूर्वी शाळेत कायम झाली होती. चार वर्षं तिने त्याची वाट पाहिली होती. दिगंबरची बदली म्हणजे त्या नोकरीवर पाणी.

"शेगडी पेटवतेस?"

"कोळसे धरायला अर्धा तास, आणि घरभर धूर. त्यात मासळी कुठून आणू?"

"काकडी आहे ना? पोहे?"

"आहेत. पण त्यांच्यात दही शेवटी वाढतात. आपल्याकडे सुरुवातीपासून शेवटापर्यंत दहीच आहे!"

तरी कालिंदी हरली नाही. तिने पोहे भिजवले, त्यांत कांदा, खोबरं, लिंबू घातलं. काकडी चोचवली. तेवढंच पानात वाढलं आणि जणू पुढे बरंच काही यायचं आहे अशा चेहऱ्याने ती उभी राहिली. बाबूंनी पोहे संपवले, कोशिंबीर संपवली, आणि मान वर करून पुढच्या पदार्थाची वाट पाहू लागले. बाबूंशी सगळं बोलणं हिंदीत चालायचं, आणि त्यांच्यासमोर आपसांत मराठीत बोलून एकमेकांना धीर देणंही बरं दिसलं नसतं.

शेवटी दहीभात आला. बाबूंनी त्याच्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं.

"आणि डाळ, माछ?"

दिगंबरने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. तेवढ्यात लीना खणखणीत बंगालीत म्हणाली, "आमच्याकडे रोज हेच असतं!"

बाबूंनी एक घास घेतला. डोळे मिटले. दुसरा घेतला. कालिंदीला वाटलं, संपलं सगळं, आता सामान बांधायला घ्यावं.

"बौमा," सुनेला हाक मारावी तसे बाबू म्हणाले, "आणखी आहे?"

आणखी होता. मग त्याहून आणखी होता. तिघांच्या वाट्याचा भात एकट्या बाबूंच्या पोटात गेला आणि लीनाचा चेहरा पातेल्याबरोबर उतरत गेला. पण कालिंदीला भूक कुठली? ती आनंदाने वाढत होती.

"महिनाभर सेक्शनमधला प्रत्येक जण मला जेवायला बोलावतोय," बाबू म्हणाले. "मटण, लुची, तूप. सगळ्यांना शिलाँग टाळायचंय. माझं पोट आधीच नाजूक. आज कित्येक दिवसांनी ते शांत झालं. पेठे, मी ठरवलं."

"काय, सर?"

"शिलाँगचा साहेब म्हणून मीच जातोय. मिसेस येणार नाहीत, मुलांची कॉलेजं आहेत. तिथं जेवायचं कुठे, याचीच काळजी होती. तुम्ही चला माझ्याबरोबर. बौमांच्या हातचं हे रोज मिळालं की झालं."

कालिंदी आत गेली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, पण राग जास्त होता. ती बाहेर आली ती बरणी घेऊन. भावाने साताऱ्याहून पाठवलेला लाल ठेचा तिने बाबूंच्या पानात चमचाभर वाढला.

"हे काय?"

"खरं मराठी जेवण आता सुरू होतंय," ती म्हणाली. "याच्याशिवाय आमचं पान उठत नाही. थंड हवेत तर जास्तच लागतं."

दिगंबरने तिच्याकडे पाहिलं. दहा वर्षांच्या संसारात त्याने इतक्या पटकन काही ओळखलं नव्हतं.

"दुप्पट," तो म्हणाला.

यजमानीणबाईंचा मान राखायचा म्हणून बाबूंनी चमचाभर ठेचा एकदम तोंडात टाकला. मग ते लाल झाले. मग त्यांनी तांब्याच उचलला. कालिंदीला मनापासून वाईट वाटलं. तिने धावत जाऊन गुळाचा खडा आणला.

"पेठे," अखेर बाबूंना आवाज फुटला, "बौमांची इथं नोकरी आहे ना? संसाराची अशी ओढाताण बरी नव्हे. आपला तो गुरुदत्त कसा आहे? एकटाच आहे. त्याला स्वयंपाक येतो का हो?"

गुरुदत्तला चहासुद्धा करता येत नव्हता, आणि हे साऱ्या ऑफिसमध्ये दिगंबरइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

"गुरुदत्तला?" दिगंबर म्हणाला. "सर, दहीभात तर तो अप्रतिम करतो."